कोरडं बोट

श्रीधर मास्तरांचं पान उलटणं हा महाडच्या पेठेत थट्टेचा विषय होता. म्हातारपणी मास्तर दुपारचे वाचनालयात येऊन बसायचे. पुढ्यात वर्तमानपत्र, नाहीतर एखादं जाडजूड पुस्तक. पान संपलं की चार माणसं करतात तसं अंगठा जिभेला लावला, पान उलटलं, झालं, असं त्यांचं नव्हतं. ते दोन्ही हात धोतराला पुसायचे, पानाचा कोपरा नखानं अलगद उचलायचे, दोन-तीन पानं एकदम आली तर खाली सोडायचे, पुन्हा हात पुसायचे. तोवर शेजारचा माणूस अख्खा अग्रलेख वाचून उठून जायचा. "मास्तर, पान उलटताय की लग्न लावताय?" असं कुणीतरी म्हणायचंच. मास्तर हसायचे, पण अंगठा काही जिभेला लावायचे नाहीत. लोक म्हणायचे, सोवळं हो, सोवळं! एवढा शिकलेला माणूस, पण डोक्यातलं सोवळं काही सुटलं नाही.

सोवळं म्हणे! लोकांना काय, दुसऱ्याच्या कपाळी एक चिठ्ठी डकवली की आपण मोकळे. ऐका तर मग, हे सोवळं मास्तरांना कुठून चिकटलं ते.

तरुणपणी हेच मास्तर पक्के थुंकी लावणारे होते. पेठेतल्या बांगडीवाल्याचा हा मुलगा, फायनल पास झाला आणि लोकल बोर्डानं त्याला पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या सावरीच्या कोंडावर, डोंगरातल्या एका वाडीवर, मास्तर म्हणून धाडला. नवी बायको अंबिका, एक ट्रंक आणि एक कंदील एवढा संसार घेऊन दोघं घाट चढून गेली. शाळा म्हणजे गावची चावडी. तीन बाजूंनी भिंती, पुढून उघडी, उंच जोतं आणि जोत्याला दगडी पायरी. गावातली मुलं आत सारवलेल्या जमिनीवर बसत. महारवाड्यातली चार-पाच मुलं बाहेर, वळचणीखाली, आपापलं गोणपाट टाकून बसत. हे मास्तरांनी घालून दिलं नव्हतं. ते आले तेव्हा असंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात फारसं काही खटकलंही नव्हतं. महाडातसुद्धा असंच असे. बाहेरच्यांनी पाटी वर धरायची, मास्तरांनी आतून छडीच्या टोकानं चूक दाखवायची. पाटी ज्याची त्याची, शिवाशिवीचा प्रश्नच यायचा नाही. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

बिघडलं ते पुस्तकानं.

गणपती नुकते झाले होते. तालुक्यातल्या मास्तरांना महाडला बोलावलं होतं आणि शाळा तपासणारे साहेब, ज्यांना सगळे दिपोटी म्हणत, त्यांनी बिगारीच्या, नुकती अक्षरं गिरवणाऱ्या पोरांसाठी काही शाळांना एकेक चित्रांचं पुस्तक दिलं. श्रीधर मास्तरांनी आयुष्यात असलं पुस्तक पाहिलं नव्हतं. जाड, गुळगुळीत पानं, आणि रंग तर असे की बोटाला लागतील. दर पानावर एक मोठं चित्र आणि खाली एकच शब्द. वाघ. बाजार. होडी. विहीर. शिवाय चित्रकारानं एक खोडी करून ठेवली होती. प्रत्येक चित्रात कुठंतरी एक चिमणी दडवलेली होती, नखाएवढी. बाजारात ती भोपळ्यामागं, होडीत दोरीवर, वाघाच्या चित्रात चक्क वाघाच्या पायाशी गवतात.

"हे भिंतीवरच्या नकाशासारखं लांबून दाखवायचं नाही," दिपोटी म्हणाले होते. "पोरांच्या हातात द्या. त्यांना पानं उलटू द्या, बोट ठेवू द्या, बोलू द्या. दिवाळीनंतर येऊन मी बघणार आहे."

मास्तरांना वाटलं, चित्रं बघून कुठं कोणी शिकतं? पण साहेबाचा हुकूम, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी आतल्या पोरांना गोल बसवलं, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. वाघ निघाला. आणि काय सांगावं! जी पोरं "क कमळाचा" म्हणतानासुद्धा तोंडात गूळ धरल्यागत बसायची, ती एकदम बोलायला लागली. येसाजी पाटलांची नात आवडी, जिचा आवाज मास्तरांनी आजवर ऐकला नव्हता, ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो आमच्या वासराला न्हेनारा वाग नाय. त्याचा एक कान फाटका व्हता." मग कुणाच्या गोठ्यात काय झालं, कोण झाडावर चढलं, कुणाचा बा धोतर सोडून पळाला, असा गलका उडाला की खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. दोन आठवड्यांत पोरं चित्राखालचा शब्द ओळखायला लागली, तो पाटीवर काढायला लागली. मास्तर संध्याकाळी घरी आले की अंबिकेला सांगत सुटायचे. तिला पुस्तक न बघताच सगळ्या चिमण्या पाठ झाल्या.

आणि वळचणीखालची पोरं?

मास्तर जोत्याच्या कडेला उभे राहून पुस्तक त्यांच्याकडं वळवून धरायचे. पोरं माना उंच करून बघायची. लांबून वाघ दिसायचा, होडी दिसायची. चिमणी कशी दिसणार? आत पोरं "घावली, घावली!" म्हणून ओरडायची तेव्हा बाहेर नुसती टकमक. त्यांच्यात शकू म्हणून एक पोर होती, सहा-सात वर्षांची. बाप हैबती मुंबईला गोदीत, आई गेलेली, आजी राहीबाईनं वाढवलेली. डोळे असे की समोरच्याला उगाच पदर सावरावासा वाटावा. एक दिवस तिनं सरळ सांगून टाकलं, "मास्तर, चिमनी नायच हाय. ही आतली पोरं खोटं बोलतात."

"आहे गं शकू. खाली डाव्या अंगाला बघ."

"नाय. मी रोज बगते. नायच हाय."

मास्तर हसले. पण घरी जाताना ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. पोर रोज येते, रोज बघते, आणि रोज तिला वाटतं की सगळं जग मिळून तिला फसवतंय. आणि तिची काय चूक? तिच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं. 

मास्तरांचा स्वभाव काही भांडखोर नव्हता. महाडच्या तळ्याचं प्रकरण होऊन फार दिवस झाले नव्हते. पाणी पिण्यावरून माणसांची डोकी फुटलेली आणि मग तेच तळं घागरी ओतून शुद्ध करून घेतलेलं, हे सगळं त्यांच्या गावातच घडलं होतं. तेव्हा ते बापाच्या दुकानाची फळी लावून आत बसले होते. तेच मास्तर आता येसाजी पाटलांच्या ओटीवर जाऊन बसले. पाटील माणूस वाईट नव्हता. तरुणपणीची वर्षं मुंबईच्या वखारीत काढलेली, चार उन्हाळेपावसाळे पाहिलेले. आपल्या कोंडावरची पोरं हमाली न करता मुकादम व्हावीत म्हणून शाळा टिकवणारा तोच.

"मास्तर, तुमी चांगलं शिकवताय," पाटील म्हणाले. "आवडी घरात येऊन चित्रातलं बोलते. पन म्हाडला झालं ते हितं नको."

"पाटील, तुमच्या कणगीतलं भात कुणी झोडलं? सरपणाची मोळी कुणाच्या डोक्यावरून येते? ते चालतं ना?"

"ते कोरडं. कोरड्याला विटाळ नाय. आमच्या आज्यापासनं हायच तसं."

"मग कागद काय ओला असतो?"

 पाटील मांडीवर थाप मारून हसले. "वकील व्हायाचं सोडून मास्तर कशाला झालात वो?" बराच वेळ पान चघळलं, अंगणात दोनदा थुंकून आले आणि म्हणाले, "द्या. पन आतल्या पोरांचं झाल्यावर. हातात हात नको, पायरीवर ठेवायचं, त्यांनी तिथनं उचलायचं, परत तिथं ठेवायचं. आन ओलं लागता कामा नये. पावसाचा थेंबसुदीक. ओलं लागलं तर मग माज्या हातात काय ऱ्हानार नाय, सांगून ठेवतो."

मास्तर तरंगतच घरी आले. अंबिका तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण लहान पोरांची बोटं कधी कोरडी असतात का?"

"तुझं आपलं काहीतरीच!"

"काहीतरीच काय? नाक, तोंड, घाम. आणि तुम्ही स्वतः..." एवढं बोलून ती पुन्हा सुपात बघायला लागली. मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चांगली गोष्ट जमून आली की माणसाला शंका नको असतात.

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं नातीचे हात राखेनं घासून, स्वतःच्या लुगड्याला पुसून तिला धाडली. आतल्या पोरांचं झालं, मास्तरांनी पुस्तक पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. शकूनं ते उचललं. इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं, हात खाली गेले. गोणपाटावर बसून तिनं ते मांडीत घेतलं. बाकीची पोरं तिच्या खांद्यावर ओणवी झाली. तिनं वाघाकडं पाहिलंच नाही. नाक पानाला लागेल एवढी वाकली, गवताच्या काडी-काडीवरून बोट फिरवत गेली आणि थांबली.

"हाय," ती म्हणाली. अगदी हळू. मग मोठ्यानं, "मास्तर, हाय! हाय वो!"

 बावळटासारखे मास्तर नुसती मान हलवत राहिले. शकूला आता थांबायला वेळ कुठला? बाजार, होडी, एकामागून एक. मग विहिरीचं पान आलं. निळं पाणी, काठावर बायका, हंडे, आणि चिमणी विहिरीच्या काठाशी सांडलेल्या पाण्यात चोच घालून.

"पानी पितेय," शकू म्हणाली. "कोन हाकलत नाय तिला."

आणि असं म्हणून तिनं अंगठा जिभेला लावला, मास्तर लावायचे अगदी तसाच, डोळे पानावर ठेवून, ऐटीत, आणि पान उलटलं.

 मास्तरांनी चटकन आत पाहिलं. पोरं पाट्या पुसत होती. आवडी मात्र जोत्याच्या कडेला बसून शकूकडं बघत होती, पण कौतुकानं.   तेवढ्या एका क्षणी पोरीच्या तोंडावरचं ते हसू पुसायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? शकूनं पुस्तक पायरीवर ठेवल्यावर त्यांनी ते पान धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि सगळ्या पोरांना दटावलं, "आजपासून कुणीही थुंकी लावून पान उलटायचं नाही!" दटावून झालं, वाचनमाला हातात घेतली, आणि अंगठा गेला जिभेला. पोरं खो-खो हसली. मास्तरही हसले. वळचणीखाली शकू सगळ्यात जास्त हसली.

हसण्याचे दिवस थोडेच होते.

भातं कापून झाली होती, झोडणी उरकत आली होती. पाटलांच्या खळ्याच्या कडेला आवडी एकटीच शाळा-शाळा खेळत होती. सागाची मोठी पानं एकावर एक रचून तिनं पुस्तक केलं होतं. तिची आजी, पाटलीणबाई ठकूबाई, शेजारी भात पाखडत होती.

"ह्ये मास्तर," म्हणून आवडीनं अंगठा जिभेला लावला, पान उलटलं. "आता ही मी." पुन्हा अंगठा, पुन्हा पान. "आन ही शकू." पुन्हा तेच.

ठकूबाईचं सूप थांबलं. "शकू बी जिभंला लावती?"

"व्हय की. मास्तरच लावतात, मग समदीच लावतात." आवडीच्या मनात काडीचं कपट नव्हतं. उलट शकू आपल्यापेक्षा ऐटीत लावते हेच तिला सांगायचं होतं, आणि तिनं ते सांगितलंही.

झालं! संध्याकाळच्या आत चावडीत गाव जमलं. मग सुरू झाला तो हिशेब. बघा, काय डोकी चालतात माणसांची! शकूची थुंकी पानाला. त्या पानाला मास्तरांचं बोट. ते बोट मास्तरांच्या तोंडात. तेच बोट पुन्हा पानाला, त्या पानाला आवडीचं बोट, ते आवडीच्या तोंडात. आवडी घरी येऊन आजीच्या ताटात जेवते. मास्तरीणबाई विहिरीवर पाणी भरते. म्हणजे विहीर? मग विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची मोजणी सुरू झाली. एकेका घराचं नाव निघालं आणि एकही घर सुटेना. चांगू नावाचा एक तरुण मुंबईच्या गिरणीतून भात झोडायला आला होता, तो मागून म्हणाला, "साला मुंबैत हाटेलात कप कोन कुनाचा बगतो? खालीपीली डोक्याला ताप." त्याच्या बापानंच त्याला खाली बसवलं.

मास्तर उभे राहिले.  "पाटील, ती सवय माझी आहे. पोरीनं माझं पाहून उचलली. दोष द्यायचा तर मला द्या."

"तुमाला दोष देऊन काय करू?" पाटील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "तुमी उद्या बदली मागून म्हाडला जाल. आमाला हितंच ऱ्हायचंय, त्यांना बी हितंच. मी तुमाला सांगितलं व्हतं, ओलं लागू देऊ नका."

पुस्तक जाळा, असं कुणीतरी म्हणालं. सरकारी पुस्तक, जाळलं तर भानगड होईल, असं दुसरा म्हणाला. मग गुरवानं तोड काढली. तळं शुद्ध होतं, तर पुस्तक का नाही व्हायचं? पंचगव्य शिंपडायचं, पोरांना आणि मास्तरांना तीर्थ द्यायचं, विहिरीत घागर ओतायची. आणि ते शिंपडायचं मास्तरांनीच, सगळ्यांच्या देखत, म्हणजे पुन्हा असा शहाणपणा होणार नाही.

"मी नाही म्हटलं तर?"

पाटलांनी खळ्यांकडं हात केला. "महारवाड्याचं बलुत्याचं भात अजून खळ्यांवरच हाय. समदी म्हनतायत, ते हाय तिथंच ऱ्हाऊ दे. मी एकटा किती जनांचं तोंड धरू?"

मास्तर घरी गेले. अंबिका रिकामी कळशी पुढ्यात घेऊन बसली होती. विहिरीवर तिला कुणी काही बोललं नव्हतं, नुसत्या सगळ्याजणी बाजूला झाल्या होत्या. "मी तुम्हाला म्हटलं होतं" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

सकाळी राहीबाई आली. घरापासून लांब, फणसाखाली उभी राहिली. म्हातारीनं आवाज वाढवून सांगितलं, "मास्तर, करा वो ते म्हन्तात तसं."

"राहीबाई, शकूची काही चूक नाही."

"ते मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय. पन आमाला वरीसभर खायाचं हाय, बाबा. मी तिला सांगते समजावून."

काय समजावून सांगणार होती ती, देव जाणे.

चावडीच्या पायरीवर पुस्तक ठेवलं होतं, बाजूला तांब्या, त्यात दर्भाची जुडी. गाव अंगणात उभं होतं. महारवाड्यातली माणसं पलीकडं, बांधावर. मास्तरांनी पुठ्ठ्यावर चार थेंब उडवले आणि जुडी खाली ठेवली.

"पान न् पान," ठकूबाई म्हणाली. "पोरीनं काय पुठ्ठा चाटलाय?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. वाघावर शिंपडलं. पान उलटायला हात पुढं केला आणि सवयीनं अंगठा वर निघाला, जिभेकडं. अंगणातून एकदम "आं आं!" झालं, बायकांनी तोंडावर पदर घेतले. मास्तरांचा हात हवेतच राहिला. बांधावर आजीच्या लुगड्याला धरून उभी असलेली शकू तो हात बघत होती. मास्तरांनी हात खाली घेतला, दोन्ही हात धोतराला पुसले, नखानं कोपरा उचलला, पान उलटलं. पुन्हा शिंपडलं. पुन्हा हात पुसले. असं शेवटच्या पानापर्यंत. कुणी घाई केली नाही. कुणी हसलंही नाही.

गुळगुळीत कागदच तो. ओल लागताच फुगला. वाघाचा पिवळा गवताच्या हिरव्यात गेला, विहिरीचं निळं पाणी काठावरच्या बायकांवरून ओघळून खाली शब्दावर आलं. चिमणीचा तर डागसुद्धा ओळखू येईना. अंबिकेनं चुलीपाशी पुस्तक धरून सुकवायचा प्रयत्न केला, पण पानं एकमेकांना धरून बसली आणि वास काही जाईना. शुद्ध झालेल्या त्या पुस्तकाला आतल्या एकाही पोरानं पुन्हा हात लावला नाही. आवडी नाक धरून लांब सरकायची. पुस्तक बाटलं तेव्हा सगळ्यांना हवं होतं, शुद्ध झालं तेव्हा कुणालाच नको झालं.

बलुतं मात्र दुसऱ्याच दिवशी पोचलं. पाटलांनी शब्द पाळला. आणि राहीबाईनं शकूला पुन्हा शाळेत धाडलं. पोर येऊन आपल्या गोणपाटावर बसायची, पाटी वर धरायची. माना उंच करून बघण्यासारखं आत आता काही राहिलं नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि दिपोटी तट्टावरून घाट चढून आले. पोरांच्या पाट्या बघितल्या, पाढे घेतले आणि म्हणाले, "ते चित्रांचं पुस्तक आणा."

मास्तरांनी आणून दिलं. दिपोटींनी उघडायला पाहिलं, पानं करकरली. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, हे काय? एवढ्यात वाट लावलीत?"

सांगावं, असं मास्तरांना वाटलं. साहेब शहाणा माणूस, कागद करील, वर कळवील. मग पाटलांवर चौकशी, मग गाव बिथरणार. आणि साहेब तट्टावरून घाट उतरून गेल्यावर त्याचा राग निघणार तो कुणावर? मास्तरांनी बांधापलीकडच्या झोपड्यांकडं पाहिलं. मग आपल्या पायांकडं पाहिलं.

"पावसात भिजलं, साहेब. चावडी गळते."

वळचणीखाली शकूनं मान वर केली. चित्रात जे दिसतं ते मोठ्यानं सांगायचं, असं मास्तरांनीच शिकवलं होतं. तिचे ओठ उघडलेही. मास्तरांची आणि तिची नजर एक झाली. तिनं ओठ मिटले आणि पाटीवर रेघोट्या ओढायला लागली.

"निष्काळजीपणा," दिपोटी म्हणाले. "या शाळेला पुन्हा असलं पुस्तक मिळणार नाही. हे रद्द समजा. टाकून द्या कुठंतरी." आणि उन्हं कलायच्या आत ते उतरून गेले.

शाळा सुटली. पोरं पांगली. मास्तर पुस्तक हातात घेऊन चावडीत तसेच उभे राहिले. रद्द झालं म्हणजे ते आता सरकारचं नाही, शाळेचं नाही, गावाचंही नाही. त्याला विटाळ कुणाचा आणि मालकी कुणाची? त्यांनी सुरीनं हलक्या हातानं पानं सोडवायला घेतली. सगळी सुटली नाहीत, पण होडीचं पान सुटलं. आत, दोरीवर, अर्धी का होईना, चिमणी शिल्लक होती. मास्तरांना एवढा आनंद झाला की ते पायरी उतरून धावतच निघाले.

शकू बांधावर गोणपाट खांद्यावर टाकून चालली होती. मास्तरांनी तिला गाठलं. पुस्तक त्यांनी खाली ठेवलं नाही, दोन पावलं मागंही सरले नाहीत. गाव बघतंय की नाही तेही पाहिलं नाही. सरळ तिच्यापुढं धरलं.

"घे. हे आता तुझं. हे बघ, होडीवरची चिमणी वाचलीय."

शकूनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"घे ना गं."

"नको, मास्तर."

"का? रागावलीस?"

तिनं मान हलवली. "माजी बोटं ओली हायत."

मास्तर खाली बसले. त्यांनी तिचे हात धरून पुढं आणले आणि उलटेपालटे करून पाहिले. थंडीनं फुटलेली, पाटीवरच्या पेन्सिलीनं पांढरी पडलेली एवढी-एवढीशी बोटं होती. ठणठणीत कोरडी.

"कोरडी आहेत, शकू. हे बघ. अगदी कोरडी आहेत."

शकूनं आपल्या बोटांकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. मोठं माणूस चुकलं की लहान मूल जसं सांभाळून घेतं, तसं तिनं त्यांना समजावलं.

"तुमाला दिसत नाय, मास्तर. आजी म्हन्ते, ती धुतली तरी ओलीच ऱ्हातात."